मैदानाचं आरक्षण उठवायचा ठराव झालाय, हरकत कशी लिहू?

मैदानताई

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. हातात मोजून एकोणीस दिवस आहेत, म्हणून थेट विषयावर येते.

आमचं गाव ब वर्ग नगरपरिषदेचं. नाव लिहीत नाही, दोन्ही बाजूंना ओळखीची माणसं आहेत. बरीच वर्षं प्रशासक होते, डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर पुन्हा सभागृह भरलं. त्याच्या तिसऱ्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक १४ होता. शब्द असे: "मंजूर विकास योजनेतील खेळाचे मैदान या आरक्षणाखालील ५,५०० चौ.मी. क्षेत्र आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणेकामी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ अन्वये फेरबदलाची कार्यवाही करणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे." चार वेळा वाचलं तेव्हा कळलं, हे आमच्याच मैदानाबद्दल आहे. विषय मंजूर झाला आणि अकरा दिवसांपूर्वी पेपरात नोटीस आली की एक महिन्याच्या आत हरकती व सूचना लेखी द्याव्यात.

मी त्या मैदानावर बावीस वर्षं मुलींना खो-खो शिकवते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, मैदान सुटलं नाही. पहाटे साडेपाचला आम्ही जातो. आधी ओळीने चालत खडे वेचायचे, मग पाणी मारायचं, माती बसली की फक्कीने रेषा मारायच्या. खांब रात्री काढून माझ्या घरी ठेवावे लागतात, नाहीतर चोरीला जातात. मग खांबाच्या दोन खड्ड्यांवर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली झाकणं ठेवतो आणि वर दगड, म्हणजे चरायला आलेल्या वासराचा पाय आत जात नाही. ही झाकणं ठेवायची पाळी लावलेली आहे. ज्या मुलीची पाळी ती सगळ्यात शेवटी घरी जाते.

या मुलींच्या आया भाजी विकतात, धुणंभांडी करतात, कोणी पोळीभाजी केंद्रात आहे. क्लब, फी, गाडी असलं काही त्यांच्या आवाक्यात नाही. त्यातल्या दोघी खेळाडूंच्या पाच टक्क्यांतून पोलिसात लागल्या. एकीने पहिल्या पगारात मैदानासाठी पन्नास मीटरची टेप आणि पाण्याचा पाइप आणून दिला. तो पाइप अजून चालतो.

आता जागेचं. आरक्षण एकूण ७,४०० चौरस मीटरचं. त्यातली ओढ्याकडची १,९०० ची पट्टी नगरपरिषदेने पूर्वीच घेतली आहे, तिथे काटेरी झुडपं आणि उतार. बाकीची ५,५०० म्हणजे सुमारे चोपन्न गुंठे अजून खासगी मालकीची. आम्ही खेळतो ती सपाट जागा याच चोपन्न गुंठ्यांत आहे. मालक आप्पांनी स्वतः बोलावून सांगितलं होतं, "पोरी खेळू देत बाई, गवत तरी माजणार नाही." आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. मुलांनी एका विकासकाशी करारनामा केला. मला त्या मुलांचा राग नाही, त्यांची जमीन आहे. पण आराखड्यात ती मैदानासाठी दाखवली होती ना?

माझे प्रश्न असे. हरकतीत वर लिहिलं ते सगळं लिहायचं की फक्त कलमं लिहायची? एकच अर्ज करून खाली दोनशे सह्या घ्यायच्या की वेगवेगळे अर्ज? आणि आमच्या प्रभागाचे नगरसेवक म्हणाले, "ताई, हे सगळं ठरून गेलंय, तुम्ही कशाला उन्हातान्हाचं फिरता." खरंच ठरून गेलेलं असतं का?

जुना सभालिपिक

ताई, मी एका नगरपरिषदेच्या सभा विभागात एकतीस वर्षं काढली. विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं, ठरावाच्या सत्यप्रती देणं हेच माझं काम होतं. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे माणसं हात टेकतात.

ठरून गेलेलं नसतं. कलम ३७ मध्ये नगरपरिषद फक्त प्रस्ताव करते. नोटीस राजपत्रात आणि इतरत्र प्रसिद्ध करायची, एक महिना हरकती घ्यायच्या, सुनावणी द्यायची आणि मग सगळं शासनाकडे पाठवायचं. मंजुरी देतो तो नगरविकास विभाग, तोही नगररचना संचालकांचं मत घेऊन. तुमची हरकत त्या फाइलला जोडून मंत्रालयापर्यंत जाते. म्हणून ती लिहिताना समोर नगरसेवक आहेत असं समजू नका. पुण्यात किंवा मुंबईत टेबलावर नकाशा पसरून बसलेला, तुमचं गाव कधीच न पाहिलेला अधिकारी समोर आहे असं समजून लिहा.

कलमाचा पहिलाच शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत नसेल तरच ३७ वापरता येतं. तुमच्या गावात खेळाच्या मैदानाची आरक्षणं एकूण किती, त्यातली प्रत्यक्षात मैदान झालेली किती, हे आराखड्याच्या अहवालात आणि भाग नकाशावर सापडेल. नोटिशीच्या काळात नकाशा पाहायला मिळतो, तो तुमचा हक्क आहे. मैदानं मुळातच थोडी असतील आणि त्यातलं एक तीन चतुर्थांश कापलं जात असेल, तर तो "किरकोळ फेरबदल" कसा, हा प्रश्न हरकतीत सरळ विचारा.

सह्यांचं सांगतो. दोनशे सह्यांचा एक अर्ज आवक रजिस्टरला एक नंबर घेतो आणि सुनावणीच्या तक्त्यात त्याची एक ओळ होते. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स दिल्या तरी आम्ही त्या एकत्र बांधून "सदर हरकती समान स्वरूपाच्या" असं लिहून एकच अभिप्राय द्यायचो. चाळीसच द्या, पण प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या कारणाने लिहिलेली द्या. प्रत्येकीच्या खाली "मला समक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य हवंच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, त्या दिवशी आवकवाला हमखास रजेवर असतो.

तुमचा पहिला प्रश्न राहिला. भावना की कलम? तुम्ही वर झाकणांबद्दल लिहिलंत ते लिहा. त्यातून कळतं की ही पडीक जागा नाही, रोज वापरातली आहे. पण त्याच्या शेजारी माप लिहा. खो-खोचं मैदान किती लांब-रुंद लागतं, आणि ओढ्याकडच्या ज्या पट्टीत ते बसवा असं तुम्हाला सांगतील, ती प्रत्यक्षात किती रुंद आहे? टेप लावून मोजा. अभिप्राय लिहिणाऱ्याला माप खोडता येत नाही.

सातबारा

ताईंचं वाचून गहिवरलो, तरी दुसरी बाजू मांडतो. रागावू नका.

आमची चाळीस गुंठे जमीन दुसऱ्या एका गावात बगीच्याच्या आरक्षणात आहे. माझे वडील त्या जमिनीकडे बघत बघत गेले. आरक्षण पडलं की ना घर बांधता येतं, ना बँक उभं करते, ना कोणी धड भावाने विकत घेतं. नगरपरिषद घेतही नाही आणि सोडतही नाही. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाल्यावर आम्ही त्याच कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस दिली की घ्या, नाहीतर सोडा. त्या नोटिशीनंतरची मुदत आधी बारा महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती चोवीस महिने झाली. तेविसाव्या महिन्यात आमच्या हातात एक ठराव आला: "सदर जागा संपादित करणेचे ठरले." पैशाची तरतूद शून्य. नुसता असा कागद फिरवणं म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगून ठेवलंय. पण त्यासाठी न्यायालयात जावं लागतं आणि वकिलाची फी आम्हीच भरायची.

आप्पांनी बावीस वर्षं फुकट खेळू दिलं. त्यांच्या मुलांनी आता काय करावं? मैदान गावाला हवं असेल तर गावाने त्याची किंमत द्यावी, एका कुटुंबाने का सोसायची? तुमच्या हरकतीत "आरक्षण उठवू नका" एवढंच असेल, तर माझ्यासारख्याला ते "यांना आणखी वीस वर्षं लटकवा" असंच ऐकू येतं.

मैदानताई

सातबारा दादा, रागावले नाही. खरं सांगू? हे मला कोणीतरी तोंडावर सांगायला हवंच होतं. आप्पांकडे मी दर दिवाळीला मुली घेऊन फराळाला जायचे, पण ही जमीन नगरपरिषदेने रीतसर विकत घ्यावी म्हणून बावीस वर्षांत एकदाही अर्ज केला नाही. खेळायला मिळतंय यात मी खूश होते. याचं आज वाईट वाटतं.

मग हरकतीत मी काय मागू? नगरपरिषदेकडे पैसे नाहीत असं ते म्हणणारच.

जुना सभालिपिक

सातबारांनी नेमकं बोट ठेवलं. ताई, हरकतीच्या शेवटी मागणी अशी लिहा: फेरबदल रद्द करावा आणि कलम १२६ प्रमाणे जागा ताब्यात घ्यावी. १२६ मध्ये फक्त रोख पैसे नाहीत. मालकाशी वाटाघाटीने मोबदला, नाहीतर त्या बदल्यात एफएसआय (म्हणजे जादा बांधकामाची परवानगी) किंवा टीडीआर (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर शासनामार्फत भूसंपादन, असे मार्ग आहेत. शिवाय २०२० मध्ये राज्याची जी एकात्मिक बांधकाम नियमावली आली, तिच्यात समायोजित आरक्षणाची सोय आहे. मालकाने जागेचा काही भाग स्वतः विकसित करायचा आणि उरलेला नगरपरिषदेला द्यायचा. तुमच्या आरक्षणाला ती किती लागू होते हे नगररचनाकाराकडून लेखी मागा. लेखीच. तोंडी "होईल बघू" ला काडीची किंमत नाही.

दुसरं काम आजच करा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. तीनच गोष्टी मागा: या आरक्षणासाठी गेल्या दहा वर्षांच्या अंदाजपत्रकांत भूसंपादनाची तरतूद किती होती, मालकांशी झालेला पत्रव्यवहार, आणि विषय १४ च्या ठरावाची सत्यप्रत. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणजे हरकतीची मुदत संपून जाईल. पण सुनावणी त्यानंतर असते, तिथे ते कागद कामाला येतील.

सत्यप्रतीत सूचक-अनुमोदक कोण, विरोधात कोणी बोललं का, एवढंच वाचून थांबू नका. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी द्यावी लागते. विषय मूळ पत्रिकेवर होता की ऐनवेळच्या विषयांत घुसवला, तेही पाहा. तुमच्याकडे पत्रिका आहे म्हणता, म्हणजे बहुधा रीतसर आला असावा. गडबड दिसलीच तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ३०८ आहे, जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण ते हत्यार कारण असेल तरच काढा, उगाच काढलं तर बोथट होतं.

सातबारा

टीडीआरबद्दल एक. छोट्या गावात टीडीआरचं सर्टिफिकेट हातात पडतं, पण ते विकत घ्यायला बिल्डर कुठे असतात? मालकाला पटेल असा मार्ग समायोजित आरक्षणाचाच वाटतो. ताई, तुम्ही आप्पांच्या मुलांना भेटलात का? आधी त्यांना भेटा. हरकत त्यांच्या विरोधात आहे असं गावात पसरण्याआधी.

पेठेतली

मी मोठ्या शहरातली, आमच्याकडे रस्तारुंदीच्या प्रस्तावावर सुनावणीला गेले होते, तेवढा अनुभव सांगते. सकाळी अकराची वेळ दिली होती, नंबर साडेतीनला लागला. आत गेल्यावर दोन मिनिटं. माझ्या आधीचे काका पहिलं दीड मिनिट "आम्ही चार पिढ्या इथे राहतो" यातच घालवून बसले आणि मुद्दा राहून गेला. म्हणून तुमचा मुद्दा पहिल्या वाक्यात सांगा. एक मोठा फोटो न्या, ए-थ्री आकाराचा, मुली खेळतानाचा, तारखेसह. कागद ते बाजूला ठेवतात, फोटो हातात घेऊन बघतात.

आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगत जा. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. लोकांनी हजारोंनी हरकती घेतल्या, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मसुदाच रद्द करून सुधारून करायला लावला. दुसरी गोष्ट बंगळूरूची. तिथे उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. शेजारचे रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा असं खटल्याचं नाव आहे. उद्यान हिरावल्याने रहिवाशांचं नुकसान होतं, म्हणून त्यांना दाद मागता येते, हे त्यात मान्य झालं. वकिलाला नुसतं नाव सांगा, तो काढून देईल.

मैदानताई

बारा दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार मानते आणि काय झालं ते सांगते.

आधी मोजलं. रविवारी पहाटे मुलींना घेऊन ओढ्याकडच्या पट्टीत उतरलो, तीच पोलिसातल्या मुलीने दिलेली टेप घेऊन. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, भोवती दीड मीटरची मोकळी जागा धरली की ३० बाय १९. पट्टी एकशे चाळीस मीटर लांब आहे, पण रुंदी आम्ही दर दहा मीटरवर मोजली. कुठे साडेबारा, कुठे तेरा, सगळ्यात जास्त १४ मीटर १० सेंटिमीटर. आठवीतली एक मुलगी वहीत लिहीत होती. शेवटचं माप टिपल्यावर म्हणाली, "बाई, म्हणजे खांब रोवला तरी अर्ध्या जणी ओढ्यात धावणार." तिचं ते वाक्य मी हरकतीत जसंच्या तसं घातलं आहे, खाली पंधराही मापं.

मग भाग नकाशा पाहिला. आराखड्यात खेळाच्या मैदानाची आरक्षणं चार. त्यातल्या एकावर आठवडी बाजार भरतो, एकावर पाण्याची टाकी झाली, एक अजून उसाच्या शेतात आहे. मुलं प्रत्यक्ष खेळतात असं आमचं एकच. खिडकीवरचा मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. त्याने नकाशा उलगडून धरला आणि काही न बोलता बोट ठेवून चारही जागा दाखवल्या.

आप्पांच्या घरी गेले तेव्हा हात थरथरत होते. थोरला शांतपणे बोलला. म्हणाला, "बाई, नगरपरिषदेकडून आम्हाला आजवर एक पत्र आलेलं नाही. ना घेतो म्हणून, ना सोडतो म्हणून. कंटाळून सही केली." समायोजित आरक्षणाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. खेळाचा भाग राखून बाकीचं बांधता येत असेल आणि नगरपरिषद तसं लेखी देत असेल, तर आपण विकासकाशी बोलू, असं तो म्हणाला. धाकट्याला हे पटलेलं नाही, तो मध्येच उठून आत गेला. आम्ही खेळतो तो चौकोन ३० बाय १९ म्हणजे ५७० चौरस मीटर, साडेपाच गुंठे. धावायला, सरावाला थोडी जास्त जागा लागेल, पण चोपन्न गुंठ्यांत दोघांचं भागू शकतं असं मला आता मनापासून वाटतं. मी हरकतीत तेच मागितलं आहे: आरक्षण सरसकट वगळू नये, मालकांना मोबदला देऊन किंवा समायोजित पद्धतीने सपाट भाग मैदान म्हणून ताब्यात घ्यावा, आणि तोवर अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद ठेवावी.

काल सेहेचाळीस हरकती दिल्या. सगळ्या हाताने लिहिलेल्या. एका आईला लिहिता येत नाही, तिने सांगितलं आणि मुलीने लिहिलं, खाली अंगठा. आवकवाल्याने सेहेचाळीस शिक्के मारले, मी शेजारी उभी राहून मोजले. माहिती अधिकाराचा अर्जही गेला.

आता एक शेवटचं विचारायचं आहे. माप टिपणाऱ्या त्या आठवीतल्या मुलीने स्वतःच्या नावाने हरकत दिली आहे. सुनावणीत तिला स्वतः बोलायचंय. ती चौदा वर्षांची आहे. तिला आत सोडतील का?

जुना सभालिपिक

कलम ३७ मध्ये हरकती "कोणत्याही व्यक्तीकडून" मागवाव्यात असे शब्द आहेत. त्यात वयाची अट लिहिलेली नाही. तिच्या हरकतीला आवक क्रमांक मिळालाय, म्हणजे सुनावणीच्या यादीत तिचं नाव यायला हवं. यादी लागली की आधी जाऊन नाव तपासा, गाळलं असेल तर त्याच दिवशी लेखी द्या. सोबत आईला न्या. आणि तिला मापांची ती वही घेऊन जाऊ द्या, टाइप केलेला कागद नको.

मैदानताई

वही तिच्याकडेच आहे. उद्या पहाटे सांगते तिला.